एकच गाडी, दोन डबे

मध्य रेल्वेच्या उपनगरी गाडीने रोज कामावर जाणाऱ्या नवराबायकोंची एक गोष्ट बाहेरगावच्या माणसाच्या सहसा लक्षात येत नाही. ती दोघे एका घरातून निघतात, एकाच रस्त्याने स्टेशनावर येतात, पुलाचा जिना बरोबरीने चढतात आणि फलाटावर उतरल्यावर फारसे काही न बोलता एक इकडे, दुसरी तिकडे चालू लागते. त्याचा डबा वेगळा, तिचा वेगळा. पुढचा पाऊण-एक तास दोघे एकाच गाडीतून एकाच दिशेने जात असतात आणि एकमेकांना दिसत नाहीत. डोंबिवली ते दादर हा प्रवास आम्ही असा वीसेक वर्षे केला आहे. सांगण्यासारखे त्यात काही आहे असे आम्हांला कधी वाटले नव्हते.

ते वाटण्याचे कारण गेल्या दिवाळीत घडले. आमची एक जुनी विद्यार्थिनी नवऱ्याला घेऊन फराळाला आली होती. लग्नाला वर्षही झालेले नाही, दोघेही नोकरीत, दोघांच्या सुट्ट्यांचे वार वेगवेगळे. घर घेतले आहे, त्याचे हप्ते चालू आहेत. आणि त्या घरात दोघांनी एका वेळी जागे असण्याचे तास बोटांवर मोजण्याइतके, असे ती हसत हसत सांगत होती. बोलता बोलता तिने विचारले, "सर, मॅडम, तुम्ही लग्नानंतर सुट्टीच्या दिवशी काय करायचात?" आम्ही दोघांनी एकदमच उत्तर दिले. एकाने सांगितले, "नाटकं बघायचो." दुसरीने सांगितले, "मी कपडे धुवायचे."

सगळे हसले. चकलीची ताटली पुन्हा फिरली. पाहुणे गेल्यावर मात्र तो प्रश्न घरातच राहिला. दोन्ही उत्तरे खरी होती, आणि आम्ही तर इतकी वर्षे असे समजत होतो की त्या काळाविषयी आम्हां दोघांपाशी एकच एक आठवण आहे. तेव्हा आम्ही वेगवेगळ्या खोल्यांत बसून (आता तशा खोल्या आहेत) आपापले लिहून काढले आणि मग ताडून पाहिले. प्रस्तुत लेखन हे त्या दोन कागदांतून झालेले आहे. 'आपण' म्हटले की ऐकणाराही आत येतो आणि 'आम्ही' म्हटले की तो बाहेर राहतो, हा भेद आम्ही वर्गात दरवर्षी शिकवतो. त्या 'आम्ही'च्या आतही कुणी अर्धवट बाहेर उभे असू शकते, याचा विचार शिकवताना केलेला नव्हता.

आमचे लग्न २००३ सालच्या डिसेंबरात झाले. दोघांचेही एम. ए. मराठी घेऊन झालेले, दोघेही तासिका तत्त्वावर शिकवणारे. म्हणजे तासागणिक मानधन, तेही तीन-चार महिन्यांनी एकदम हातात पडायचे, आणि मे महिन्याला पगार नाही. घर डोंबिवली पूर्वेला, एक खोली आणि स्वयंपाकघर. एकूण तीनशेवीस चौरस फूट. माणसे चार. आई (आम्ही दोघेही त्यांना आईच म्हणत असू, त्या एकाच्या आई आणि दुसरीच्या सासूबाई), धाकटा भाऊ आणि आम्ही. रात्री आई व भाऊ बाहेरच्या खोलीत, आम्ही स्वयंपाकघरात. उशाशी पाण्याचे पिंप, पायाशी गॅसचा सिलिंडर. रात्री पाणी प्यायला उठणाऱ्याने दाराबाहेर आधी खोकावे असा नियम कुणी केला नव्हता, पण तो पाळला जात असे. आमच्या धाकट्या भावाने त्या काळात तहान मारण्याची किती सवय करून घेतली असेल, हे मनात यायलाही आम्हांला काही वर्षे लागली.

मुंबईच्या जोडप्याची ही गोष्ट नवी नाही. राजा ठाकूर यांच्या 'मुंबईचा जावई' (१९७०) या चित्रपटाचा सारा विषयच तो आहे: चाळीतली एक खोली, भरलेले कुटुंब आणि नवे लग्न झालेले दोघे. बासू चटर्जींनी त्यावरून हिंदीत 'पिया का घर' (१९७२) केला. 'घरोंदा' (१९७७) मध्ये तर लग्न करण्याआधीच घर शोधताना दोघांची दमछाक होते. आमच्या अभ्यासक्रमातल्या नवकथेने महानगरी मध्यमवर्गीयाच्या मनाचे कोपरे धुंडाळले हे आम्ही मुलांना सांगतो आणि ते खरेही आहे. परंतु त्या मनाला टेकायला घरात कोपरा होता का, हा साधा प्रश्न चित्रपटांनी अधिक थेट विचारला, असे आमचे मत आहे. गंगाधर गाडगीळांचे बंडू आणि स्नेहलता यांचे संसारातले खटके वाचताना आम्ही खूप हसलो आहोत. त्यांना भांडायला जागा होती, हा हेवाही त्या हसण्यात असे.

'मुंबईचा जावई' आम्ही एका रविवारी दुपारी दूरदर्शन संचावर पाहिला. त्याच खोलीत, चौघांनी, एका रांगेत बसून. सुरुवातीला सगळे मोकळेपणाने हसत होतो. मग हळूहळू हसणे कमी झाले. भाऊ 'जरा जाऊन येतो' म्हणून उठला. आई संचाकडे पाहत शेंगा सोलत राहिल्या.

आई दर रविवारी चार वाजता गणेश मंदिरात कीर्तनाला जात. भावाला सोबतीला नेत. परतताना भाजी आणायची म्हणून पिशवी त्याच्या हातात. सहा-साडेसहापर्यंत येत नसत. हे त्या चित्रपटानंतर सुरू झाले की आधीपासून होते, यावर आमच्या दोन कागदांचे एकमत नाही. एका गोष्टीवर आहे. त्या गेल्यानंतर कितीतरी वर्षांनी भावाने एकदा सहज सांगितले की प्रत्येक रविवारी काही कीर्तन नसे. कीर्तन नसले की ती दोघे फडके रोडच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हिंडत, मग देवळाच्या पायरीशी बसत, आई त्याला गावाकडच्या गोष्टी सांगत आणि मधूनमधून घड्याळात किती वाजले ते विचारत. फडके रोड म्हणजे दिवाळीच्या पहाटे सारी तरुण डोंबिवली नटूनथटून जिथे लोटते तो रस्ता. तिथे पासष्टीची बाई आणि कॉलेजातला मुलगा दर रविवारी दोन-अडीच तास पाय मोडत हिंडत होते, आमच्यासाठी.

आणि त्या दोन-अडीच तासांत आम्ही काय करीत होतो? वाचकांची अपेक्षा असेल ते क्वचित. बहुधा एकजण उत्तरपत्रिका तपासता तपासता झोपून जाई आणि दुसरी, मोरी मोकळी मिळाली आहे तर चादरी काढू, असे म्हणून कपड्यांना बसे. दिवाळीतल्या त्या दुसऱ्या उत्तराचा उगम इथे आहे. 'तू तेव्हा बोलली का नाहीस,' हे विचारायला आता उशीर झाला आहे, आणि विचारले तेव्हा मिळालेले उत्तर 'तू झोपला होतास' असे होते.

घरात नव्हता तो निवांतपणा आम्ही शहरात शोधला. तास संपले की पाचच्या सुमारास दादरला भेटायचे आणि आठपर्यंत घरी पोचायचे. मधला वेळ आमचा. पैसे बेताचे, म्हणून ठिकाणेही तशीच. माटुंग्याला माहेश्वरी उद्यानाच्या पदपथावरचे जुन्या पुस्तकांचे ढीग उपसायचे आणि जवळच्या उडुपी उपाहारगृहात एका डोशाचे दोन भाग करायचे. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसायचे. पाऊस असला तर दादर पूर्वेला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय. ही संस्था १८९८ सालची. तिच्या संदर्भ विभागात आम्ही एका मोठ्या मेजाच्या दोन बाजूंना समोरासमोर बसून वाचलेले आहे. बोलायचे नाही हा तिथला नियम. पण दिवसातून समोरासमोर बसण्याची तेवढीच एक जागा असल्यामुळे न बोलण्याचे काही वाटत नसे. जुन्या 'सत्यकथे'चे अंक चाळताना एकाने एखाद्या ओळीवर बोट ठेवून अंक पलीकडे सरकवायचा, दुसरीने वाचून परत सरकवायचा. आमच्या संसारातला पुष्कळसा संवाद त्या मेजावर झालेला आहे.

महिन्यातून एखाद्या वेळी मरीन ड्राइव्ह. तिथल्या एकांताची रीत लक्ष देऊन पाहण्यासारखी आहे. कठड्यावर शेकडो जोडपी हातभर अंतराने बसलेली असतात. सगळ्यांचे तोंड समुद्राकडे, पाठ रस्त्याकडे. शेजारच्याकडे मान वळवून पाहायचे नाही, हे कुणी शिकवत नाही आणि मोडतही नाही. पाठ करणे हा एरवी अपमान. तिथे ते सौजन्य होते. आमच्या स्वयंपाकघराच्या दाराबाहेरच्या खोकल्याचीच ही मोठी आवृत्ती म्हणायची.

सगळीकडे असे सौजन्य नव्हते. एका संध्याकाळी समुद्रकाठीच, ठिकाण कुठले ते सोडून देऊ, अंधार पडायच्या सुमाराला एका हवालदाराने काठी आपटत आम्हांला उठवले. इतर जोडपी मुकाट्याने उठून गेली. आम्ही प्राध्यापकी ताठा दाखवून सांगितले की आम्ही नवराबायको आहोत. आमच्यातल्या एकीने पदराआडचे मंगळसूत्रही पुढे केले, ज्याचा तिला आजही राग येतो. त्याने ते पाहिले, आणि अगदी मनापासून आश्चर्य वाटून तो म्हणाला, "लग्न झालंय ना? मग घरी जा की!"

आम्ही घरीच गेलो. वाटेत बोललो नाही. डबे वेगळे होते.

आई एकदा सकाळी पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "आज गाडी चुकली तरी चालेल हो. भाजी मी टाकते." उशीर झाला की आम्ही 'गाडी चुकली' असे सांगत असू. डोंबिवलीला दर काही मिनिटांनी गाडी असते हे त्यांना माहीत होते.

आता नाटकांविषयी. शिवाजी मंदिरात बाल्कनीतल्या मागच्या रांगेची दोन तिकिटे आम्हांला महिन्या-दीड महिन्यातून एकदा परवडत. रात्रीचा प्रयोग घ्यायचा आणि अकरानंतरच्या गाडीने परतायचे. त्या वर्षांत काय काय पाहिले ते आठवू लागलो, तेव्हा आमची मोठी पंचाईत झाली. नाटकांची नावे आठवतात, काही नटांची कामे आठवतात, पण स्पष्ट आठवतो तो परतीचा प्रवास. कारण रात्री गर्दी नसल्यामुळे आम्ही साध्या डब्यात एकत्र बसत असू. खिडकीशी एक, शेजारी एक. कुर्ला, घाटकोपर, ठाणे. मुंब्र्याची खाडी आली की गार वारा आत येई. दाराशी कुणी थकलेला हॉटेलातला पोऱ्या उभ्याने डुलक्या घेत असे. नाटकावर आम्ही बोलायला सुरुवात करायचो आणि ठाण्यानंतर बोलणे नाटकावर नसायचे. दोन्ही कागदांवर आम्ही स्वतंत्रपणे जवळजवळ एकच वाक्य लिहिले आहे, ते असे की नाटक हे बरेचसे त्या गाडीसाठी होते. साहित्याच्या प्राध्यापकांनी हे कबूल करावे की नाही, हा प्रश्न आहे. पण केले आहे. पुढे काही वर्षांनी डोंबिवलीतच सावित्रीबाई फुले कलामंदिर झाले. शहराची मोठी सोय झाली, आम्हीही आनंदाने गेलो. घरापासून रिक्षाने दहा मिनिटे. प्रयोग संपला की दहा मिनिटांत घरी.

त्याच गाडीत, एका रात्री, आमच्या प्रबंधांचा निर्णय झाला. निदान एका कागदावर तसे आहे.

दोघांचीही पीएच. डी.ची नोंदणी झालेली होती. एकाचा विषय साठोत्तरी लघुनियतकालिके, दुसरीचा गौरी देशपांडे यांची कथा-कादंबरी. एका घरात, त्या जागेत, त्या पैशांत दोन प्रबंध एका वेळी होणे शक्य नव्हते. टेबल एकच होते आणि तेही जेवणाच्या वेळी आवरावे लागे. तेव्हा आधी एकाचा पूर्ण करायचा, त्याला कायम नोकरी लागली की दुसरीने रजा घेऊन तिचा करायचा, असे ठरले. एकाचा कागद सांगतो, "परतीच्या गाडीत आम्ही खूप बोललो आणि दोघांनी मिळून ठरवले. मला त्या रात्री फार हलके वाटले." दुसरीच्या कागदावर त्या रात्रीचा उल्लेख आहे, वाऱ्याचा आहे, पोऱ्याचाही आहे, निर्णयाचा नाही. तिथे एवढेच आहे: "केव्हा ठरले ते मला आठवत नाही. मी गाडीत बसण्याआधीच ते ठरलेले होते असे वाटते."

या दोन नोंदींवर आम्ही चार-पाच दिवस घालवले. बोलणे कमी, धुसफूस अधिक. एकाचे म्हणणे, की त्याने विचारले होते आणि तिने 'बरं' म्हटले होते. दुसरीचे म्हणणे, की 'बरं' म्हटले असेलच, पण तो प्रश्न नव्हता. पहिला प्रबंध २००९ साली सादर झाला. दुसरा २०१७ साली. मधल्या आठ वर्षांत मुलगा झाला, आईंचे आजारपण झाले, घर बदलले. सबबी सगळ्या खऱ्या आहेत. 'कारावासातून पत्रे'विषयीचे एक टिपण या आठ वर्षांत पुस्तकात खूण म्हणून राहिले होते आणि त्याची शाई फिकट झाली होती. पहिल्या प्रबंधाच्या ऋणनिर्देशात एक वाक्य आहे, त्यात पत्नीच्या 'सहकार्या'चा उल्लेख केलेला आहे. ते वाक्य आम्ही परवा पुन्हा काढून वाचले. ज्याने लिहिले होते त्याने पुस्तक मिटून जाग्यावर ठेवले.

मग तिच्या निवांतपणाचे काय? तो होता का? या प्रश्नाला तिच्या कागदावर जे उत्तर आहे त्याने आमच्यातल्या एकाला खरोखर आश्चर्य वाटले, कारण त्या उत्तरात तो नाही. त्या वर्षांतला तिचा सर्वांत सुखाचा वेळ होता तो बायकांच्या डब्यातला. सकाळची डोंबिवलीहूनच सुटणारी जलद गाडी; तीच बाके, त्याच आठ-दहा जणी. बँकेतल्या, टपाल खात्यातल्या, एक परिचारिका, एक शिंपीकाम करणारी. तिघींच्या बाकावर चौथी अर्धी टेकते, मग ठाण्याला बसलेली उठते आणि उभी असलेली बसते, हा त्यांचा अलिखित कायदा. संध्याकाळी मटार सोलायचे, मेथी निवडायची, रिकाम्या पिशव्या आधीच घेऊन ठेवायच्या. जानेवारीत डब्यातच हळदीकुंकू, दसऱ्याला झेंडूच्या माळा. कानातली विकणारी बाई आली की सगळ्यांची मते घेऊन दहा रुपयांची खरेदी. "तिथे मी कुणाची कुणी नव्हते. घरी काय शिजवायचे ते बोलत असू, पण ते तक्रार म्हणून नव्हे, विषय म्हणून. प्रबंध का अडला हे मी पहिल्यांदा तिथे बोलले." पहिल्यांदा तिथे. मधे पत्र्याची एक भिंत आणि काही डबे सोडून पलीकडे दुसरा माणूस दांडीला लटकून कुठले तरी समीक्षेचे पुस्तक वाचत होता, आणि आपण दोघे रोज बरोबर प्रवास करतो असे त्याला वाटत होते.

२६ जुलै २००५ रोजी, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला त्या दिवशी, गाड्या जागच्या जागी थांबल्या. एकजण माटुंग्याला महाविद्यालयाच्या वाचनालयात मेजावर झोपला. दुसरी घाटकोपरच्या पुढे अडकलेल्या गाडीत होती. फोन लागत नव्हते. अंधार पडल्यावर तिच्या गटातल्या पाचजणी एकमेकींच्या ओढण्या धरून रुळांतून चालत निघाल्या आणि मुलुंडला राहणाऱ्या एकीच्या घरी पोचल्या. तिथे एका खोलीत अकरा माणसे झोपली. त्या रात्रीविषयी आमच्यातल्या एकाने पूर्वी एका दिवाळी अंकात लेख लिहिला होता. तो लेख वाचनालयातल्या मेजावरून लिहिलेला आहे. मुलुंडच्या खोलीचा त्यात उल्लेख नाही, कारण त्याने तेव्हा विचारले होते ते 'सुखरूप पोचलीस ना' एवढेच.

विद्यार्थिनीला आम्ही अजून काही कळवलेले नाही. तिने विचारले होते ते सहज, आणि आमच्यापाशी त्यांना देण्याजोगा सल्लाही नाही. त्यांच्या घरात खोल्या दोन आहेत आणि रविवारी कुणाला कीर्तनाला जावे लागत नाही. पण सुट्टीचे वार वेगवेगळे आहेत. तेव्हा त्यांचे गणित निराळे.

हे लेखन होत आले तेव्हा, गेल्या महिन्यात, आम्ही पुष्कळ दिवसांनी दादरला रात्रीच्या प्रयोगाला गेलो. मुद्दामच गेलो, हे कबूल करायला हवे. नाटक बरे होते. सव्वाअकराच्या सुमारास फलाटावर आलो, गाडी लागली, आणि काही कळायच्या आत आमच्यातली एक सवयीने पुढे चालत गेली आणि बायकांच्या डब्यात चढली. दुसरा साध्या डब्याच्या दाराशी उभा राहून हात करीत होता, तो तिला दिसला नाही. गाडी सुटली. खिडकी मिळाली. मुंब्र्याला वारा आला.

डोंबिवलीला तो जिन्याखाली थांबला. ती बऱ्याच वेळाने आली, कारण डब्यात तिला गटातली ती शिंपीकाम करणारी भेटली होती; तिला आता नातू झाला आहे. बाहेर रिक्षांची रांग मोठी होती. आम्ही चालतच निघालो, आणि घरापर्यंत नातवाविषयी बोललो.